सातशे डॉलरपर्यंतचा रायफल स्कोप कसा पारखायचा?

नवशिका_राउंडरॉक

नमस्कार मंडळी,

मूळचा इचलकरंजीचा, सध्या ऑस्टिनजवळ राउंड रॉकला. ग्रीन कार्ड आल्यावर टेक्सासचा हंटर एज्युकेशनचा कोर्स केला, लायसन्स काढलं आणि ऑफिसातल्या एका मित्राबरोबर मेसन काउंटीतल्या त्याच्या लीजवर (शिकारीसाठी भाड्यानं घेतलेल्या जमिनीवर) जायला लागलो. इतके दिवस त्याचीच रायफल वापरली. आता स्वतःची घेतली आहे, टिक्का टी३एक्स लाइट, .३०८ विंचेस्टर. स्कोप घ्यायचा राहिलाय.

बजेट रिंगांसकट (स्कोप रायफलीवर धरणाऱ्या कड्या) सातशे डॉलर. एकाच स्कोपवर सगळं भागवायचं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात व्हाइटटेल हरणं, अधूनमधून रानडुकरं, आणि जमलंच तर पुढे कधी कोलोराडोत एल्क. मित्राच्या एका ब्लाइंडपासून (दबून बसायचं खोपटं) फीडर (दाणे टाकणारं यंत्र) शंभरेक यार्डांवर आहे. दुसऱ्या ब्लाइंडसमोर झाडी कापून लांब पट्टा केलाय, तिथे अडीचशे यार्डांपर्यंत दिसतं.

दुकानात तीन स्कोप हातात घेऊन पाहिले:

१) लूपोल्ड व्हीएक्स-फ्रीडम ३-९×४० (पॉवर ३ ते ९ पट, पुढची काच ४० मिमी), तीनशेच्या आसपास
२) लूपोल्ड व्हीएक्स-३एचडी ३.५-१०×४०, सहाशेच्या आसपास
३) एका वेगळ्या कंपनीचा ४-१६×५०, सेलमध्ये साडेचारशे

खरं सांगायचं तर मला तिन्हींतून सारखंच स्वच्छ दिसलं. विक्रेता तिसऱ्याच्या मागे लागला होता, "लांबचं दिसेल, काच मोठी, उजेड जास्त." मग तीनशेच्या आणि सहाशेच्या स्कोपमध्ये नेमका फरक कुठे पडतो? दुकानात काय बघायचं, आणि घेतल्यावर रेंजवर काय तपासायचं? मला चष्मा आहे, वय सेहेचाळीस.

---

वैदेही_मॅडिसन

मी विस्कॉन्सिनमधून लिहितेय, आमच्याकडचं रान तुमच्यापेक्षा दाट. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमचा नऊ दिवसांचा गन सीझन सुरू होतो आणि हरीण बहुतेक वेळा पन्नास-साठ यार्डांवर, झाडांच्या फटीतून दिसतं. तिथे कमीत कमी पॉवर किती खाली जाते हेच महत्त्वाचं. ३ वर शंभर यार्डांवर साधारण तेहतीस फूट रुंदीचा भाग दिसतो, ४ वर सत्तावीसच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. चालत्या हरणावर स्कोप आणताना तो चांगलाच जाणवतो.

आणखी एक. पॉवरची रिंग हातमोजे घालून फिरवून बघा. काही स्कोपची थंडीत इतकी जड होते की मोजा काढावा लागतो. मी टेक्सासच्या थंडीबद्दल बोलत नाही, पण कोलोराडोत जायचं म्हणताय म्हणून सांगितलं.

---

माळावरचा

विक्रेत्याचं ऐकून ४-१६×५० घेऊ नका. हे आधी सांगतो, मग सविस्तर लिहितो. लांबेल, पण विषयच तसा आहे.

माझी सगळी नोकरी मोजमापाच्या खोलीत गेली. आधी पिंपरीला गेज रूममध्ये, मग इथे सॅन अँटोनिओत. त्यामुळे स्कोप हातात आला की दुर्बीण म्हणून तो कसा आहे हे मी नंतर बघतो. आधी विचारतो, हे हत्यार लावलेल्या जागेवर थांबतं का? आज शंभर यार्डांवर जिथे झिरो केलं, म्हणजे निशाणा आणि गोळी जुळवली, तिथेच ते दीड महिन्यानं, ट्रकच्या मागच्या सीटवर आदळत-आपटत गेल्यावर, पहाटेच्या गारठ्यात असेल का? याचं उत्तर "हो" असेल तरच काच बघायची. नसेल तर काच कितीही सुंदर असू दे.

हे असं का, ते स्कोपच्या पोटात बघितलं की कळतं. बाहेरच्या नळीच्या आत दुसरी बारीक नळी असते, इरेक्टर ट्यूब. उलटी प्रतिमा सुलटी करणारी भिंगं तिच्यात असतात. तिचं एक टोक जॉइंटवर बसवलेलं असतं आणि दुसरं मोकळं. वरच्या आणि बाजूच्या टरेटचे (निशाणा सरकवायच्या नॉबांचे) स्क्रू त्या मोकळ्या टोकाला दोन बाजूंनी टेकतात, आणि समोरून एक स्प्रिंग नळीला त्या स्क्रूंवर दाबून धरते. तुम्ही एक क्लिक फिरवता तेव्हा ती नळी मिलिमीटरच्या जेमतेम शंभराव्या भागाइतकी सरकते. आता विचार करा, साडेसहा पाउंडांची रायफल, तीत .३०८ चा धक्का, आणि तेवढ्या हालचालीला जागेवर धरून ठेवणारी एक स्प्रिंग. ती स्प्रिंग मऊ असेल, स्क्रूचे आटे ढिले असतील किंवा जॉइंटमध्ये खेळ असेल, तर प्रत्येक गोळीनंतर नळी थोडी वेगळ्या जागी बसते. बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. काच तितकीच स्वच्छ असते.

तीनशे आणि सहाशेतला फरक बराचसा इथे आणि भिंगांवरच्या लेपात असतो. साडेचारशेच्या ४-१६×५० मध्ये तेच पैसे मोठ्या काचेला, जास्त भिंगांना, साइड फोकसच्या नॉबला आणि कधीकधी पेटणाऱ्या रेटिकललाही (निशाणाच्या क्रॉस रेषांना) पुरवावे लागतात. मग आतल्या कामाला किती उरतात? याच किमतीत जितक्या कमी सोयी, तितका यंत्राचा भाग चांगला असण्याची शक्यता जास्त. मध्यम किमतीत माझा हा पहिला निकष.

माझ्याकडे एक स्कोप होता, कंपनीचं नाव घेत नाही. काच इतकी छान की संध्याकाळी मित्र मागून घेऊन बघायचे. पण लॅनोजवळच्या रँचवर जाताना कॅलिचीच्या खडबडीत रस्त्यावरून सातआठ मैल गेलं की पहिली गोळी दीड-दोन इंच डावीकडे. रिंगा बदलल्या, तेच. बेस (रिंगांखालची पट्टी) काढला, स्क्रू साफ करून पुन्हा बसवला, तेच. मग तो स्कोप माझ्या .२७० वर चढवला आणि .२७० तसंच करायला लागली, तेव्हा दोष कुठे आहे ते पक्कं झालं. कंपनीनं काहीही न विचारता नवा पाठवला. तो येईपर्यंत जानेवारी उजाडला होता. म्हणून सांगतो, आजीवन हमी असावीच. लूपोल्ड आणि व्हॉर्टेक्स दोघंही देतात, पावती मागत नाहीत, जुना विकत घेतलेला असला तरी चालतो. पण हमी बघून स्कोप निवडू नका.

दीड-दोन इंचांनी काय बिघडतं असं वाटेल. तुमच्याकडच्या हिल कंट्रीतलं हरीण लहान असतं. हृदय-फुप्फुसाची जागा सहा ते आठ इंच, म्हणजे मधोमध धरलं तर दोन्ही बाजूंना तीन-चार इंच. त्यातले दीड-दोन स्कोपनं खाल्ले, एखादा तुमच्या हातानं, थोडं वाऱ्यानं, आणि गोळी पोटात. मग ते जनावर सीडरच्या जाळीत शिरतं आणि तुम्ही टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरता. त्या जनावराचे हाल होतात ते आपल्या सामानामुळे. मला हे सहन होत नाही, म्हणून एवढं लिहितोय.

आता उजेड. टेक्सासात हरणाची वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. जाणतं बक (नर) बाहेर येतं ते त्या शेवटच्या अर्ध्या तासात, आणि चांगल्या स्कोपचे पैसे तिथेच वसूल होतात. काचेचा व्यास भागिले पॉवर, इतक्या मिलिमीटरचं प्रकाशाचं वर्तुळ डोळ्यावर पडतं. ४०ची काच १० पॉवरवर ४ मिमी देते, ६ वर साडेसहाच्या वर. ५०ची काच १६ वर फक्त ३. विशीतली बाहुली अंधारात सात मिलिमीटरपर्यंत उघडते, आपल्या वयात पाच, फार तर सहा. म्हणजे तिन्हीसांजेला ४०च्या स्कोपची रिंग ६-७ वर आणली की डोळ्याला घेता येईल तेवढा उजेड मिळतो. त्यापुढे ५०ची काच तुम्हाला काही देत नाही. उलट ती रायफलीच्या नळीला टेकू नये म्हणून रिंगा उंच घ्याव्या लागतात, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही, डोळा तरंगत राहतो.

काचेवरचा लेप मात्र बघाच. साधी काच प्रत्येक पृष्ठभागावर चारेक टक्के उजेड परत फेकते, आणि स्कोपमध्ये असे पृष्ठभाग कितीतरी. म्हणून "फुली मल्टी-कोटेड" लिहिलेलं हवं. पण जाहिरातीत ९१ टक्के की ९४ टक्के यावर वेळ घालवू नका, तेवढा फरक डोळ्याला कळत नाही. कळतो तो वेगळा. मावळतीच्या दिशेला झाडाखालची सावली बघताना चित्रावर दुधट पडदा येतो का? स्वस्त स्कोपमध्ये येतो, आणि त्या पडद्याआड करड्या झाडीतलं करडं हरीण नाहीसं होतं.

म्हणूनच दुकानात तिन्ही सारखे दिसले. ट्यूबलाइटखाली समोरच्या भिंतीवरचा बोर्ड कुठल्याही स्कोपमधून स्वच्छच दिसतो. संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या सुमारास जा, विक्रेत्याला सांगून नुसते स्कोप, रायफलीविना, दाराबाहेर घेऊन उभे राहा. चांगली दुकानं नाही म्हणत नाहीत. तिन्ही एकाच पॉवरवर, ६ वर लावा. पार्किंगच्या पलीकडच्या झाडाखाली सगळ्यात काळोखी जागा शोधा, आणि तिथल्या फांद्या वेगवेगळ्या कळतात का बघा. मग मावळतीकडे वळा, सूर्य पूर्ण बुडालाय याची खात्री करून. दहा-पंधरा मिनिटं आलटून पालटून बघितलं की तुमचं तुम्हालाच समजेल, मग माझ्या मताची गरज नाही.

चष्म्याचं तुम्ही विचारलंत ते बरं झालं. डोळा आणि मागची काच यांच्यात निदान साडेतीन इंच अंतर हवं, सगळ्यात मोठ्या पॉवरवरही. कंपन्या मोठा आकडा छापतात तो बहुधा सर्वात लहान पॉवरचा असतो, मोठ्या पॉवरवर तो कमी होतो. टी३एक्स हलकी आहे, .३०८ तिच्यात बऱ्यापैकी मागे येते. चष्म्याची काच आणि स्कोपची कड भेटली तर भुवईवर टाके. दुकानात डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल नेहमीसारखा टेकवा, मग डोळे उघडा. चित्र पूर्ण दिसलं पाहिजे. कडेनं काळी चंद्रकोर आली, मान पुढेमागे करावी लागली, तर तो स्कोप तुमच्या मानेला बसत नाही.

रेटिकल साधं घ्या. बाहेर जाड, मध्ये बारीक, ज्याला डुप्लेक्स म्हणतात. लूपोल्डनं ते १९६२ मध्ये आणलं आणि अजून शिकारीला त्याहून सोपं काही सापडलेलं नाही. फर्स्ट फोकल प्लेनच्या नादी लागू नका. त्यात पॉवर कमी केली की रेषाही बारीक होतात, आणि संध्याकाळी ४ वर त्या दिसेनाशा होतात. तुम्हाला नेमक्या त्याच वेळी त्या हव्या असतात. डुकरांसाठी पेटणारा ठिपका कामाचा आहे, काळ्या अंगावर काळी रेषा हरवते. पण तो अगदी मंद करता आला पाहिजे. सर्वात खालच्या पायरीवरही डोळे दिपवणारा असेल तर नसलेला बरा.

घेतल्यावर रेंजवर तीन गोष्टी करा.

पहिली गोळ्यांशिवाय. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट काढून ठेवा, वाळूच्या पिशव्यांत ती घट्ट बसवा. शंभर यार्डांवर, टेपनं मोजलेल्या, कागदावर ओळंब्यानं उभी रेष आणि तिच्यावर इंचांच्या ठळक खुणा. क्रॉस एका खुणेवर आणा, वरचा टरेट ४० क्लिक फिरवा. पाव मिनिटाची क्लिक असेल (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर यार्डांवर इंचापेक्षा किंचित जास्त) तर क्रॉस साडेदहा इंच सरकला पाहिजे, आणि रेषेवरूनच सरकला पाहिजे. ४० क्लिक परत या, जिथून निघालो तिथेच आलो पाहिजे. साडेदहाऐवजी सव्वादहा भरले तर जिवाला लावून घेऊ नका. तीनशे यार्डांपर्यंत तेवढ्या चुकीनं गोळी अर्धा इंचही इकडची तिकडे होत नाही. परत आला नाही, तर मात्र स्कोप परत करा.

दुसरी चौकोनाची. तीन गोळ्या मारा, २० क्लिक वर, तीन गोळ्या, २० उजवीकडे, तीन, २० खाली, तीन, २० डावीकडे, आणि शेवटच्या तीन. शेवटच्या पहिल्यांच्याच घोळक्यात पडायला हव्यात. रायफलीची नळी गरम होऊ देऊ नका, मध्ये चहा प्या.

तिसरीला महिना लागतो आणि तीच खरी. दर खेपेला रेंजवर गेलात की थंड नळीची पहिली गोळी एका वेगळ्या कागदावर मारा, आणि तोच कागद पुढच्या खेपेला पुन्हा लावा. मधल्या काळात रायफल ट्रकमधून नेहमीसारखी फिरू द्या. त्या कागदावर गोळ्या कशा जमतायत ते बघा. त्यात दिशा दिसायला लागली, म्हणजे प्रत्येक खेपेला थोडं डावीकडे, तर आधी रिंगा तपासा आणि मग स्कोपवर या.

पैशांचं म्हणाल तर सातशेतले शंभर रिंगांना आणि एक छोट्या टॉर्क रेंचला बाजूला काढा. टी३एक्सच्या माथ्यावर तिची स्वतःची खाच आहे, त्यात थेट बसणाऱ्या चांगल्या रिंगा घ्या म्हणजे बेसचा एक सांधा वाचतो. निदान तीन-चार पेट्या गोळ्यांचे वेगळे, एकाच कंपनीच्या, एकाच वजनाच्या. तुमच्या यादीतला दुसरा मला पटतो. तिसरा माझ्या मते बाद. पहिलाही बिनदिक्कत घ्या आणि वाचलेल्या पैशांच्या गोळ्या उडवा. संध्याकाळच्या शेवटच्या दहा मिनिटांत दुसरा पुढे राहील, बाकी दिवसभर फारसा फरक पडणार नाही. काही झालं तरी, शेजारी शेजारी धरून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

---

दहा_मीटर

मी पुण्याची. बालेवाडीला एअर रायफल शिकवते, शिकार माझा विषय नाही. आमच्या खेळात भिंगाचा स्कोप चालतच नाही, मागे बारीक भोकाची पीप साइट असते. पण गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकायला मुलांना महिनोन्‌महिने शिकवावं लागतं, म्हणून विचारते. स्कोपमध्ये डोळा मधून सरकला तर क्रॉस लक्ष्यावरून सरकतो ना? त्याचं तुम्ही काही लिहिलं नाही.

---

माळावरचा

ताई, बरोबर पकडलंत. पॅरॅलॅक्स. साध्या शिकारी स्कोपमध्ये तो कारखान्यातच १०० किंवा १५० यार्डांना बसवून देतात. त्या अंतरावर डोळा कुठेही असो, क्रॉस हलत नाही. इतर अंतरांवर हलतो, पण किती ते मोजता येतं. ४० मिमी काच, १०० यार्डांना बसवलेली, आणि डोळा चित्राच्या अगदी कडेला: २०० यार्डांवर चूक जास्तीत जास्त २० मिमी, ३०० वर ४०. १५०ला बसवलेली असेल तर ३०० वरही २०च. डोळा साधारण मध्ये असेल तर याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून तीनशे यार्डांच्या आत ही चूक अंतराप्रमाणे काढून टाकणाऱ्या साइड फोकसच्या नॉबची गरज नाही असं मी म्हणतो. उलट तो नॉब चुकून पन्नासवर राहिला आणि दोनशेवर हरीण आलं तर चित्र धूसर, आणि नॉब शोधण्यात वेळ जातो.

तपासायचं सोपं आहे. रायफल पिशव्यांवर, हात न लावता, फक्त डोकं वरखाली करायचं आणि क्रॉस कागदावर किती भटकतो ते बघायचं. नवशिका, हेही रेंजवर करून घ्या. आणि ताईंचं गालाचं म्हणणं गंभीरपणे घ्या. घरी रिकाम्या रायफलीवर रोज पाच मिनिटं नुसतं खांद्याला लावणं आणि काढणं, एवढंच. उंच रिंगा नकोत म्हणालो ते यासाठीही.

---

ओंकार_ह्यूस्टन

काका, थोडं विषयांतर. मी एच-१बी वर आहे. मित्र म्हणतात तू रायफल हातातही घेऊ शकत नाहीस. खरं का? आणि भाऊ बार्शीला असतो, तो एअरगनसाठी इथून स्कोप आण म्हणतोय.

---

माळावरचा

ओंकार, मी वकील नाही, पण हे मला नीट माहीत आहे. केंद्रीय कायद्यात नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि गोळ्या, दोन्ही बाळगायला मनाई आहे. त्याला अपवाद आहेत आणि त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. टेक्सासचं लायसन्स कधीही काढलं तरी ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं हातात नसेल आणि घरात रायफल असेल तर तुझा अपवादच संपला. एक दिवसही मध्ये जाऊ देऊ नकोस. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतरचा जन्म असेल तर हंटर एज्युकेशनही लागतं, म्हणजे तुला लागणारच. खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीनं रानडुकरं मारायला २०१९ पासून टेक्सासात लायसन्स लागत नाही. पण ते ऐकून तू लायसन्स काढायचं टाळू नकोस, तुझं लायसन्स डुकरांसाठी नाही, रायफल बाळगण्यासाठी आहे. तुझ्या व्हिसाच्या वकिलाला एक ईमेल टाकून लेखी उत्तर घेऊन ठेव.

स्कोप भारतात नेऊ नकोस. रायफलच्या स्कोपवर अमेरिकेचं निर्यात नियंत्रण आहे, बॅगेत कपड्यांत गुंडाळून नेलेलाही निर्यातच धरला जातो. भावाला सांग, तिथेच मिळतो तो घे.

---

वैदेही_मॅडिसन

माझीही एक भर. थंडीत काच धुरकटते तेव्हा लोक लगेच स्कोप खराब म्हणतात. बोटानं पुसून धुकं जात असेल तर ते बाहेरचं आहे, आपल्या श्वासाचं किंवा गरम गाडीतून थंड हवेत आल्याचं. मी रायफल रात्री गॅरेजमध्येच ठेवते, घरात आणत नाही (कुलपात अर्थातच). पुसूनही जात नसेल तर नळीतला नायट्रोजन निघून गेलाय आणि ओल आत शिरलीय. तो स्कोप कंपनीकडे पाठवायचा.

---

नवशिका_राउंडरॉक

मंडळी, मनापासून आभार. काल संध्याकाळी काकांनी सांगितलं तसं तिन्ही स्कोप घेऊन दुकानाबाहेर उभा राहिलो, विक्रेताही सोबत आला. पार्किंगच्या टोकाला लाइव्ह ओकची दोन झाडं आहेत. सूर्य बुडल्यावर १०-१२ मिनिटं तिन्हींत फारसा फरक नव्हता. मग ४-१६ मध्ये दोन्ही झाडांचे बुंधे एकमेकांत मिसळले आणि मावळतीकडे वळवला तर सगळं पांढुरकं. ३-९ त्याहून बराच बरा. ३.५-१० मधून बुंध्यावरची खडबडीत साल शेवटपर्यंत कळत होती. विक्रेता स्वतः दोनदा बघून म्हणाला, हे मी कधी असं करून पाहिलं नव्हतं.

३.५-१०×४० घेतला. रिंगा कमी उंचीच्या, टॉर्क रेंचही घेतला. आता बसवताना काय काळजी घेऊ? स्क्रू किती आवळायचे? आणि झिरो शंभरला करू की दोनशेला?

---

माळावरचा

छान केलंत.

रिंगांचे स्क्रू बहुतेक कंपन्या १५ ते १८ इंच-पाउंड सांगतात, तुमच्या रिंगांच्या कागदावर असेल तो आकडा शेवटचा. बसवण्याआधी खाच, रिंगा आणि स्क्रू अल्कोहोलनं पुसून तेल काढून टाका. तेलकट स्क्रू त्याच आकड्यावर जास्त आवळला जातो आणि स्कोपची नळी चेपते. वरच्या टोप्यांच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, आडवे-तिडवे, थोडे थोडे करत आवळा. नुसतं एका बाजूनं आवळत गेलात तर स्कोप रिंगमध्ये फिरतो आणि क्रॉस तिरका होतो.

डोळ्याचं अंतर ठरवताना पॉवर १० वर ठेवा, चष्मा लावा, आणि नोव्हेंबरात घालणार तेच जाकीट अंगात असू द्या. टी-शर्टवर बसवलेला स्कोप जाकिटात अर्धा इंच लांब जातो. स्कोप पुढे सरकवलेला ठेवून सुरुवात करा आणि चित्र पूर्ण भरेपर्यंत मागे आणा, तिथे थांबा. झालं की नळी आणि रिंग यांच्यावरून पांढऱ्या पेंट पेननं एक बारीक रेघ ओढा. स्कोप रिंगमध्ये सरकला तर ती रेघ तुटलेली दिसेल, शोधत बसावं लागणार नाही.

झिरो: १५० ग्रेन वजनाची गोळी असेल तर शंभर यार्डांवर दीड इंच वर बसवा. मग दोनशेला ती साधारण इंचभर खाली येते. तुमच्या त्या अडीचशेच्या पट्ट्यावर किती पडते ते रेंजवर मारून बघा, पेटीवरच्या तक्त्यावर विसंबू नका, तुमच्या रायफलीची नळी तक्त्यातल्या नळीपेक्षा लहान आहे. आणि अडीचशेवर बसून, पिशवीवरून, चार इंचांच्या वर्तुळात गोळ्या पडत नसतील तोवर त्या ब्लाइंडमध्ये यंदा जाऊ नका, फीडरपाशीच बसा.